बातमी डोळ्यांना कळू द्या : टीव्ही वार्ताहरासाठी दृश्यांतून गोष्ट सांगण्याच्या पायऱ्या

इंदूरहून रोज भोपाळ, दिल्ली आणि मुंबईच्या डेस्ककडे जाणाऱ्या टीव्ही बातम्यांपैकी कितीतरी बातम्या डोळे मिटून ऐकल्या तरी पूर्ण कळतात. राजवाड्यासमोर उभा वार्ताहर, दोन बाइट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे), मधे रस्त्यावरची रहदारी आणि वरून सतत बोलणारा आवाज. माहिती बरोबर असते, नावं बरोबर असतात, पण प्रेक्षकाने काहीच पाहिलेलं नसतं.

रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगरकडची बरीच मराठी मुलंमुली आता या कामात आहेत. कोणी हिंदी वाहिनीत, कोणी मराठी वाहिनीला इथून बातम्या पाठवणारं. बहुतेकांच्या हातात मोबाइल, एक ट्रायपॉड आणि वाहिनीचा बूम (हातात धरायचा माइक) एवढंच सामान असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. शब्द वार्ताहराचे आणि दृश्यं कॅमेरामनची ही वाटणी सोडून द्या, हे माझं मुख्य म्हणणं आहे. बातमी ज्याला समजली आहे, काय टिपायचं हे त्यानेच ठरवलं पाहिजे, मग कॅमेरा कोणाच्याही हातात असो.

सगळ्या पायऱ्या एकाच बातमीवर दाखवतो : सराफ्यातली रात्रीची सफाई. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, त्यांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या, आणि गाड्या उठल्या की झाडू. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षं पहिलं आलं, हे देशाला ठाऊक आहे. ते पहिलेपण रात्री कोणत्या हातांनी येतं, हे मात्र पडद्यावर क्वचित दिसतं.

पायरी पहिली : निघण्याआधी एक वाक्य लिहा

‘इंदूरची स्वच्छता व्यवस्था’ हा विषय झाला, गोष्ट नाही. विषयाचे शॉट घेता येत नाहीत, म्हणून असा वार्ताहर जागेवर पोचल्यावर जे समोर येईल ते टिपत सुटतो. त्याऐवजी वाक्य असं लिहा : ‘सराफ्यातली शेवटची गाडी उठल्यावर एक सफाई कामगार बाई उजाडायच्या आत ती गल्ली सराफांसाठी मोकळी करते.’ आता माणूस मिळाला, काम मिळालं, जागा मिळाली आणि वेळेची अडचणही मिळाली. वाक्यातली क्रियापदं बघा. गाडी उठते, बाई झाडते, गल्ली मोकळी होते. हेच तुमचे शॉट.

त्याखाली एक प्रश्न लिहा : सुरुवातीला जे दिसेल त्यात शेवटी काय बदललेलं असेल? इथे उत्तर सोपं आहे, दोन्यांनी (खाऊन टाकलेल्या द्रोणांनी) भरलेली गल्ली आणि रिकामी गल्ली. ज्या बातमीत असा बदल सापडत नाही ती पॅकेज (दृश्यं, बाइट आणि निवेदन जोडलेली पूर्ण बातमी) म्हणून करायचा हट्ट धरू नका. अँकरने वाचलेली वीस सेकंदांची बातमी तिला पुरेशी असते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वाक्य जागेवर खोटं ठरलं तर ते बदला. बाई सांगेल की तिची खरी अडचण कचरा नाही, परतीचं वाहन आहे. मग बातमी तिकडे वळली पाहिजे.

पायरी दुसरी : आधी बघा, मग कॅमेरा काढा

या शहरात बघायला शिकवणारी मोठी माणसं होऊन गेली. चित्रकार विष्णू चिंचाळकर, इंदूरकरांचे गुरुजी, वाळलेली पानं, काटक्या, टाकून दिलेल्या वस्तू हातात घेत आणि त्यांत दडलेला पक्षी किंवा चेहरा समोरच्याला दाखवत. वस्तू सगळ्यांसमोर पडलेलीच असे, नजर त्यांची असे. वार्ताहराला तीच नजर कमवावी लागते, आणि त्यासाठी पहिली दहा मिनिटं फोन खिशात ठेवावा लागतो.

त्या दहा मिनिटांत पुढच्या गोष्टी मनात नोंदवा. उजेड कुठून येतोय? सगळ्यात ठळक आवाज कोणता? कोणाचे हात सतत चालू आहेत? कोणतं काम पुन्हा पुन्हा होतंय आणि कोणतं एकदाच होणार आहे? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. झाडू शंभरदा फिरणार आहे, तो नंतरही मिळेल. शेवटच्या गाडीची शेगडी विझणं एकदाच घडेल. जे एकदाच घडणार आहे त्याच्याजवळ आधी जाऊन उभे राहा.

आग, अपघात, लाठीमार अशा वेळी क्रम उलटा. तिथे आधी स्वतःची सुरक्षित जागा बघा, लगेच रेकॉर्डिंग सुरू करा आणि बाकीचा विचार ते चालू असताना करा.

पायरी तिसरी : शॉटची साखळी

नवीन वार्ताहराच्या फुटेजमध्ये वाइड शॉट (दुरून सगळी जागा दाखवणारे) ढीगभर असतात आणि क्लोजअप एखाददुसरा. घरी मोबाइलवर बातमी बघणाऱ्याला त्या वाइडमध्ये काही कळत नाही. कोणतंही काम टिपताना निदान पाच शॉट घ्या : काम करणारे हात, त्या माणसाचा चेहरा, हात आणि चेहरा एकत्र दिसेल असा मिड, त्याच्या खांद्यावरून दिसणारं काम, आणि संपूर्ण जागा. सराफ्यात ते असे पडतील : फरशीवरून सरकणारा झाडू आणि तो धरलेली मूठ, घामेजलेला चेहरा, कंबरेत वाकलेली बाई, तिच्या खांद्यावरून दिसणारी दोन्यांची रास, आणि शेवटी दोन्ही बाजूंना शटर पडलेली लांबच लांब गल्ली.

प्रत्येक शॉट दहा सेकंद धरा. मनात आकडे मोजा. पॅकेजमध्ये तीन-चार सेकंदच लागतात, पण एडिटरला कुठून कापायचं याची मोकळीक हवी असते. कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवत राहण्याची सवय मोडा. पॅन करायचाच असेल तर सुरुवातीची आणि शेवटची चौकट आधी ठरवा आणि दोन्ही ठिकाणी थांबा. झूमऐवजी पाय वापरा. मोबाइलवर बोटांनी केलेला झूम चित्र फाडतो, आणि जवळ गेल्यावर आवाजही चांगला मिळतो.

हलती वस्तू चौकटीत येऊ द्या आणि चौकटीबाहेर जाऊ द्या. हातगाडी आत आली, समोरून गेली, बाहेर पडली, चौकट रिकामी झाली. असा शॉट एडिटरला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणारा पूल देतो. गाडी पहिल्या शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे जात असेल तर पुढच्या शॉटमध्येही तशीच जायला हवी, म्हणजे तुम्ही रस्त्याच्या एकाच बाजूला राहायचं. मधेच पलीकडे गेलात की पडद्यावर गाडी उलटी फिरल्यासारखी वाटते. बाजू बदलणं भागच असेल तर मधे एक अगदी समोरचा शॉट किंवा चाकाचा क्लोजअप ठेवा.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्यापेक्षा मोलाची वाटते : क्रियेबरोबर प्रतिक्रिया टिपा. नगरसेवक भाषण करत असेल तर दोन मिनिटं त्याच्याकडे पाठ करून ऐकणाऱ्यांकडे कॅमेरा लावा. सामन्यात चौकार गेला की होळकर स्टेडियमची गॅलरी टिपा. सराफ्यात बाई झाडत असताना ओट्यावर शेवटचा घास खाणारा गिऱ्हाईक पाय वर घेतो, ते टिपा. गोष्ट अशा ठिकाणी घडते.

मोबाइलची तयारी

हे थोडक्यात. फोन आडवा, १६:९. डिजिटल डेस्कला उभा व्हिडिओ हवा असेल तर त्याचे दोन-तीन शॉट वेगळे घ्या, आडव्यातून कापून काढू नका. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर चित्रात सरकणारे काळे पट्टे येत नाहीत. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे) टिपताना हे विसरलात तर दिव्यांच्या रोषणाईने अख्खं फुटेज खराब होतं.

सराफ्यासारख्या जागी पिवळे बल्ब, पांढरे एलईडी आणि शेगडीची ज्योत एकत्र असते. फोन आपोआप रंग ठरवायला गेला की दर शॉटला चेहऱ्याचा रंग बदलतो. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा आणि त्या जागेपुरता तोच ठेवा. एक्सपोजर आणि फोकस चेहऱ्यावर लॉक करा. लेन्स रुमालाने पुसा, खाऊगल्लीत तर दर अर्ध्या तासाने, कारण तुपाची वाफ काचेवर बसते आणि सगळं धुकट दिसू लागतं.

पायरी चौथी : जागेचा आवाज

सराफ्याला स्वतःचा आवाज आहे. कढईवर झाऱ्याची टणटण, शटरची घरघर, फरशीवर काड्यांच्या झाडूची खसखस, रिकाम्या गल्लीत हातगाडीची कुरकुर. चांगल्या पॅकेजची पहिली तीन सेकंदं अशा आवाजाला द्या, तुमचा व्हीओ (दृश्यांवरून चालणारं निवेदन) त्यानंतर. प्रेक्षक तेवढ्या वेळात तिथे पोचलेला असतो.

ज्या गोष्टीचा आवाज हवा तिच्याजवळ माइक न्या. दुरून घेतलेल्या शॉटवर आवाज दुरूनच येणार. झाडूचा आवाज हवा तर गुडघ्यावर बसून माइक फरशीजवळ धरा. निघण्याआधी कोणीही न बोलता एक मिनिटभर जागेचा साधा आवाज रेकॉर्ड करा. एडिटमध्ये दोन बाइटमधली फट त्याने भरते. हेडफोन नेहमी घाला. वारा आणि जनरेटर कानाला सवयीने जाणवत नाहीत, माइकला जाणवतात. आणि आवाज टिपला जात असताना स्वतः गप्प राहा. ‘हां, हां, बरोबर’ असं म्हणत राहणाऱ्या वार्ताहराचं कितीतरी चांगलं फुटेज निव्वळ त्या हुंकारांमुळे वापरता येत नाही.

पायरी पाचवी : बाइट

माहिती तुम्ही सांगा. बाइटमध्ये ते यायला हवं जे फक्त तोच माणूस सांगू शकतो. ‘कसं वाटतं?’ या प्रश्नाला ‘चांगलं वाटतं’ एवढंच उत्तर मिळतं. ‘गल्लीत शिरल्यावर आधी काय उचलता?’ असं विचारा, बाई सांगू लागेल आणि सांगताना हातही हलतील. मग ‘सगळ्यात चिवट काय असतं?’ तिसरा प्रश्न बहुधा विचारावाच लागत नाही. उत्तर संपलं असं वाटल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहा. माणूस खरं बोलतो ते बऱ्याचदा या शांततेत.

तिला भिंतीसमोर उभं करू नका, तिच्या हातगाडीजवळ उभं करा. तुम्ही लेन्सच्या अगदी शेजारी उभे राहा, म्हणजे तिची नजर कॅमेऱ्याच्या जवळ राहील. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. वाकून काम करणाऱ्या माणसाला वरून टिपलं की तो पडद्यावर लहान होतो, आणि हा अपमान आपल्या नकळत होतो. ती माळवी किंवा निमाडी ढंगात बोलली तर तशीच राहू द्या, खाली अक्षरं द्या. तिच्या बोलीवर तुमचा आवाज चढवला तर तिची गोष्ट तुमची होऊन बसते.

अधिकाऱ्याचा बाइट शक्यतो कार्यालयाबाहेर, ज्या कामाबद्दल तो बोलतोय त्या कामाजवळ घ्या. नाहीच जमलं तर आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त त्याचा चेहरा दाखवू नका. बाइट चालू ठेवून वर कामाची दृश्यं लावा.

पायरी सहावी : पीटीसी (वार्ताहर कॅमेऱ्याकडे बघून बोलतो तो भाग)

राजवाडा सुंदर आहे. सात मजली, खाली दगड, वर लाकूड, १९८४ च्या आगीनंतर पुन्हा उभा राहिलेला. पण पाणीपट्टीच्या बातमीचा त्याच्याशी संबंध नाही. पीटीसी तिथेच करा जिथे तुमचं उभं राहणं काहीतरी दाखवतं. सराफ्यात तुम्ही झाडलेल्या आणि न झाडलेल्या भागाच्या सीमेवर उभे राहा, एक हात मागे दाखवा, चार पावलं चाला, दोन वाक्यं बोला. चालायला कारण असावं, म्हणजे चालत जिथे पोचाल तिथे दाखवण्यासारखं काही हवं. दृश्य नसलेली माहिती, म्हणजे मागचा इतिहास किंवा पुढची तारीख, सांगायला पीटीसी चांगली जागा आहे.

पायरी सातवी : दृश्य बघून लिहा

आधी स्क्रिप्ट लिहून मग तिच्यावर दृश्यं चिकटवणं ही आपल्याकडची सगळ्यात जुनी खोड आहे. उलट करा. परतताना गाडीत फुटेज बघा आणि वहीत शॉटची यादी काढा. कोणते पाच शॉट उत्तम आहेत त्यांच्यावर खूण करा. सुरुवात आणि शेवट त्यांतूनच निवडा, उरलेली गोष्ट त्या दोघांच्या मधे बसवा.

मग दृश्य जे दाखवतंय ते शब्दांत पुन्हा सांगू नका. झाडूच्या शॉटवर ‘ही महिला गल्ली झाडत आहे’ हे वाक्य वाया गेलं. त्याच शॉटवर लिहा : ‘सकाळी सराफ दुकान उघडायच्या आत हे संपायला हवं.’ प्रेक्षकाला डोळ्यांनी काम दिसलं, कानांनी घाई कळली. शब्द आणि चित्र शेजारी शेजारी चालावेत. चित्र झाडू दाखवत असताना शब्द बजेटबद्दल बोलू लागले, तर प्रेक्षक दोन्ही सोडून देतो.

वाक्यं छोटी ठेवा आणि मोठ्याने वाचून घड्याळ लावा. दीड मिनिटाच्या पॅकेजमध्ये बाइट आणि जागेचे आवाज वजा केले की तुमच्या वाट्याला जेमतेम चाळीस-पन्नास सेकंद येतात. तेवढंच लिहा. जिथे दृश्य बोलतंय तिथे स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा : ‘इथे व्हीओ नको, आवाज चालू द्या.’ नाहीतर डेस्कवर ती जागा कोणीतरी शब्दांनी भरून टाकतं.

दृश्य नसलेल्या बातम्या

खरी परीक्षा इथे आहे. महापालिकेचं बजेट, कोर्टाचा निकाल, करवाढ. सभागृहाचा दरवाजा, खुर्च्या, फाइली, नोटा मोजणारे हात : हे शॉट सगळ्यांनी सगळ्यांसाठी वापरले आहेत आणि त्यांतून काहीच कळत नाही.

अशा वेळी एक तरतूद निवडा आणि ती जिथे पोचणार आहे तिथे जा. समजा पाणीपट्टी वाढली. इंदूरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून येतं. ही बातमी स्वयंपाकघरातल्या नळापासून सुरू करा. नळाला पाणी कोणत्या वेळी येतं, तोपर्यंत घरातलं कोण जागं असतं, किती भांडी रांगेत असतात. मग बिल धरलेला हात. मग टँकरचा पाइप ज्या वसाहतीत लागतो ती वसाहत. मग जमलं तर जलूदचे पंप आणि डोंगर चढणारी मोठी पाइपलाइन, म्हणजे पाणी महाग का पडतं याचं उत्तर चित्रानेच मिळेल. सभागृहाचा शॉट चार सेकंद पुरे.

ग्राफिक्समध्ये एका चौकटीत एकच आकडा. जुना दर आणि नवा दर शेजारी ठेवायचे असतील तर दोन, त्याहून जास्त नकोत. टक्केवारीपेक्षा घरटी महिन्याला किती रुपये वाढले हे दाखवा.

गर्दी

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला, एकट्याने गर्दीत शिरून काही हाती लागत नाही. आदल्या दिवशी राजवाड्याच्या मार्गावरचं एखादं घर गाठा, घरच्यांना विचारून वरच्या सज्जात जागा पक्की करा. वाइड तिथून मिळेल, गुलालाचा लोट आकाशात जातो तोही. नंतर खाली उतरून एकच माणूस निवडा, टँकरवर पाइप धरलेला मुलगा किंवा खुर्चीत बसून बघणारी आजी, आणि त्याच्याबरोबर राहा. फोन पारदर्शक वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा, पण माइक मोकळा हवा. ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय नकाशा (ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी नकाशा) बघा. विमानतळ शहराला लागून असल्याने बऱ्याच भागात परवानगी लागते.

काय टिपायचं नाही

सफाई कामगाराला ‘परत एकदा झाडून दाखवा’ असं सांगू नका. काम चालूच आहे, पुढच्या ओट्याजवळ जाऊन थांबा. एकदा नाटक करायला सांगितलं की बाईला वाटतं तुम्हाला नाटकच हवंय, आणि पुढे ती तेच देते. जुनं फुटेज वापरलं तर पडद्यावर ‘फाइल’ असं लिहिलंच पाहिजे.

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागू होतं. चेहरा ब्लर केला म्हणजे ओळख लपली असं समजू नका. गणवेश, घराचं दार, गल्लीची पाटी, वडिलांचा चेहरा, मुलाचा आवाज, यांतल्या कशानेही मोहल्ला ओळखतो. अशा बातमीत घर टिपूच नका. रुग्णालयाच्या वॉर्डात खाटेवरच्या माणसाची संमती त्याच्याकडूनच घ्या, आणि तो नीट बोलू शकत नसेल तर त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊ नका. रडणाऱ्या आईच्या तोंडासमोर बूम धरायला डेस्कवरून फोन आला तर नाही म्हणा. तिचे हात, दारातल्या चपला, थांबलेले शेजारी, एवढ्यात सगळं सांगता येतं.

पायरी आठवी : फुटेज सांभाळा

पॅकेज गेल्यावर फोन रिकामा करायची घाई करू नका. दर वेळी तीन-चार वाइड शॉट जागा, तारीख आणि दिशा लिहून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. ‘व्हिडिओ १’ अशा नावाने ठेवलेलं फुटेज पुन्हा कधी सापडत नाही. ‘सराफा, राजवाड्याकडे तोंड, डावा ओटा, रात्र’ असं लिहा. २०१३ मध्ये सुरू झालेला बीआरटीएस (बससाठी राखीव) मार्ग काढायचं काम २०२५ मध्ये सुरू झालं, मेट्रोही त्याच वर्षी धावू लागली. अशा वेळी आधी आणि नंतर दाखवायला त्याच जागेचा, त्याच उंचीवरून घेतलेला जुना शॉट लागतो, आणि तो त्या दिवशी कुठूनही आणता येत नाही. महिन्यातून एखादी सकाळ शहरातल्या ठरावीक ठिकाणांसाठी राखून ठेवा : कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळचा पूल, एमवाय रुग्णालयाचं फाटक, चोइथराम मंडीचं प्रवेशद्वार, सिरपूर तलावाचा काठ. ट्रायपॉड नेमका कुठे लावला त्या जागेचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं कोणी गेलं तरी चौकट तीच जुळेल.